न वाजलेला भोंगा

तारापूरच्या एका रासायनिक कारखान्यासाठी मी धोक्याची सूचना देणारं ॲप लिहिलं होतं. टाकीचं तापमान वाढलं की ऑफिसातल्या सुपरवायझरचा फोन वाजायचा आणि कंट्रोल रूममधला कॉम्प्युटरही. दोन्हीकडे कोड एकच. वेगळा होता तो फक्त आवाजाचा भाग, कारण फोनची आवाज काढायची रीत वेगळी, कॉम्प्युटरवर ॲप ज्यात उघडायचं त्या ब्राउझरची वेगळी. फोनची फाइल मी मन लावून लिहिली. ब्राउझरची उरकली.

ब्राउझरची एक खोड मला माहीत होती. पानावर कुणी एकदा तरी क्लिक केल्याशिवाय तो आवाज काढू देत नाही. त्याने असा नकार दिला, तर पडद्यावर तसं ठळक दाखवायला हवं होतं. मी तो नकार गुपचूप गिळणाऱ्या दोन ओळी लिहिल्या. चाचणीत एरर दिसायला नको, बस्स. आणि मीटिंगमध्ये ऐटीत म्हणालो, "कोड एकच आहे. फोन वाजला म्हणजे कॉम्प्युटर वाजलाच."

एका दुपारी वीज गेली, आली. कॉम्प्युटर आपोआप सुरू झाला, पान आपोआप उघडलं, क्लिक कुणीच केलं नाही. थोड्या वेळाने टाकी तापली. पडद्यावर सूचना उमटली, आवाज आला नाही. ऑपरेटर पडद्याकडे पाठ करून व्हॉल्व्हच्या पॅनेलपाशी उभा होता. कामगारांचे फोन गेटवर जमा असतात. सुपरवायझर फोन ऐकून धावत येईपर्यंत टाकी उतू गेली होती. इजा कुणाला झाली नाही. माल गेला, आणि कुणाला तरी धरायचं होतं.

ऑपरेटर दातिवऱ्याचा, सरावलीत भाड्याने राहणारा. चौकशीत तो एवढंच म्हणत राहिला, "मी जागा होतो, सायेब. आवाजच नाय आला." मग फोन कसा वाजला, असं मॅनेजरने हिंदीत विचारलं, माझंच वाक्य त्याला ऐकवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी होकारार्थी मान हलवली.

त्याला काढून टाकलं. बोईसर स्टेशनवर त्याचे सोबती विचारायचे, काय रे, झाली का झोप? एकदा मीही त्यांच्यात उभा होतो. हसलो. पुढच्याच आवृत्तीत मी ती चूक दुरुस्त केली आणि टिपणात लिहिलं, किरकोळ सुधारणा.

यंदा दातिवऱ्याला गेलो. तो आता भावाच्या बोटीवर जातो. अंगणात जाळं सांधत बसला होता. मी तोंड उघडायच्या आत तोच मला सांभाळून घेत म्हणाला, "माजाच डोला लागला असंल तवा. बायकोपन तेच बोलते."

मी सगळं सांगितलं. त्याने हातातली सुई खाली ठेवली.

"चौकशीत बसलेले तवा तुमाला ठावूक होतं?"

"हो."

त्याने बायकोला हाक मारली. ती ओले हात पुसत आली. "ह्यांना परत बोलू दे," तो म्हणाला. "तुज्यासमोर."

तिला ब्राउझर समजावत बसलो नाही. तुमचा नवरा जागा होता, मी खोटी मान हलवली, एवढंच म्हणालो. ती नवऱ्याकडे बघत राहिली. माझ्याकडे दोघांपैकी कुणीच बघितलं नाही.