चेपून फुटलेला दगड

अंजूरच्या शाळेत मी इतिहास शिकवते. अश्मयुगाचा धडा आला की माझ्या अंगातच येतं. माणसाने दगडावर दगड मारून धारदार कपची काढली, तिने मांस कापलं, कातडं खरवडलं, हे मी असं सांगते जणू तिथे हजर होते. गेल्या वर्षी शाळेमागे गोदामासाठी भराव पडला. त्यात मला तळहाताएवढा, एका बाजूने धारेचा काळा दगड सापडला. झालं! हे अश्मयुगातलं हत्यार आहे, असं मी वर्गात जाहीर करून टाकलं. मुलांनी हात धुऊन त्याला हात लावला.

घरी आईला दाखवला. तिने उलटासुलटा करून पाहिला. "न्हाय गं बाय, खडीच्या क्रशर मशिनीचा हाय ह्यो. चेपून फुटलाय, मारून न्हाय. मारलेल्या दगडाला घावाच्या जागी पोट सुटतं, फुगल्यावानी."

आई भिवंडीजवळच्या खदानीत खडी फोडायची. तिच्या त्या कामावर मी शिकले, आणि शाळेत मात्र ते कुणाला कळू दिलं नाही. श्रमप्रतिष्ठेवर भाषण द्यायला सगळ्यात पुढे मीच! आईला एकदाही शाळेत नेलं नव्हतं.

आता चूक तर सुधारायला हवी होती. नंतर पुस्तकात वाचलं असं सांगून वेळ मारून नेता आली असती, आणि मी तसं ठरवलंही होतं. पण आई दगडावर बोट फिरवून मला समजावत होती, अगदी रंगून. मला स्वतःची चीड आली. दुसऱ्या दिवशी मी तिला वर्गात घेऊन गेले.

तिने मुलांना लांब बसवलं. एक दगड बराच वेळ हातात फिरवला आणि दुसऱ्याने तिरका घाव घातला. तिसऱ्या घावाला पातळ कपची निघाली. त्या कपचीने आईने पेरू चिरून दाखवला. मारण्याआधी इतका वेळ नुसतं बघायचं असतं, हे माझ्या धड्यात कधीच नव्हतं.

"आजी, तुम्ही हे कुठं शिकलात?" एका मुलीने विचारलं.

आईने नुसतं माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं. इतकी वर्षं ती माझं खोटं सांभाळत होती.

"खदानीत," मी म्हणाले. "माझी आई खडी फोडायची."

सकाळी आम्ही गावोगाव वळसे घेत जाणाऱ्या एसटीने गेलो होतो; परतताना रिक्षा केली. ती दहा मिनिटांत दाराशी थांबली.

"आलं पन घर?" आई म्हणाली. "तू तर म्हनायचीस, शाळा लय लांब हाय."