माफ झालेलं कर्ज

त्या आठवड्यात मास्तरांनी एका गिऱ्हाइकाची पँट चार बोटं जास्त कापली. सत्तावीस वर्षं कात्री चालवणारा माणूस! पण शुक्रवारी नागरिकत्वाची मुलाखत होती आणि मास्तरांचं चित्त काही थाऱ्यावर नव्हतं. जेवता जेवता उठायचे, फायलीतले कागद मोजायचे, बसायचे, की पुन्हा उठायचे. बायको म्हणाली, "कागद काय पळून जाणारेत?"

दुधाने तोंड पोळलं होतं ना. नऊ वर्षांपूर्वी या परक्या देशात थाटलेलं त्यांचं स्वतःचं शिलाईचं दुकान बुडालं. कोर्टाने दिवाळं जाहीर केलं, सगळी देणी माफ केली, आणि त्या एका कागदापायी नागरिकत्वाचा पहिला अर्ज नामंजूर झाला. आता ते एका मोठ्या दुकानाच्या तळघरात पगारावर पँटी आखूड करायचे. या वेळीही नकार आला, तर पुढच्या महिन्यात नर्सिंगला निघालेल्या मुलीला परक्यांची तिप्पट फी. म्हणजे कॉलेज विसराच.

मुलाखत घेणारी अधिकारी तरुण होती. दिवाळ्याबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. बँकेच्या कागदावर मात्र तिचं बोट थांबलं.

"दर एक तारखेला या कापडवाल्याला पैसे जातात. त्याचं देणं तर कोर्टाने माफ केलंय. नवीन कर्ज लपवलंत का?"

शेजारी बसलेल्या बायकोने वळून पाहिलं. मास्तरांचा पाय टेबलाखाली मशीनवर असल्यासारखा हलायला लागला.

"नाही मॅडम, जुनंच आहे. कोर्टाने माफ केलं, त्याने नाही. त्याने शब्दावर माल दिला होता."

अर्ज पुढे सरकवत अधिकारी म्हणाली, "हे बघा, कर्ज नसताना दिलेले पैसे म्हणजे भेट. इथे 'भेट' लिहा, आजच फाईल पुढे पाठवते. 'देणं' लिहिलंत तर चौकशी लागेल. मग काय होईल, मी सांगू शकत नाही."

मुलीसाठी मास्तरांनी मुकाट्याने 'भेट' लिहिलं. लिहिलेल्या शब्दाकडे पाहिलं आणि त्यांना स्वतःचाच संताप आला. ज्याच्या दारावरून इतकी वर्षं खाली मान घालून गेलो, त्याला आपण बक्षिसी देतोय? शहाण्या माणसाने असा पायावर धोंडा मारून घेऊ नये. मास्तरांनी शब्द खोडला, वर 'देणं' लिहिलं आणि शेजारी सही ठोकली.

"चार महिने तरी लागतील," अधिकारी म्हणाली.

बाहेर पडल्यावर बायको बसस्टॉप ओलांडून तरातरा चालत सुटली. मास्तर धापा टाकत मागे. "अगं, फीचं बघतो मी. रविवारचं काम धरतो. थांब तरी!"

ती गर्रकन वळली. "किती वर्षं देताय?"

"आठ. तू म्हणाली असतीस, माफ झालंय तर कशाला? मला उत्तर देता आलं नसतं."

"दर महिन्याला पगार कमी यायचा घरात. आठ वर्षं मी एकदाही विचारलं नाही. का, ठाऊक आहे?"

मास्तर तिच्याजवळ सरकले.

"मला वाटायचं, तुमचं दुसरं घर आहे कुठेतरी," ती म्हणाली आणि भररस्त्यात हुंदके देऊन रडायला लागली.