एक्केचाळीसची शंभर टक्के हजेरी

हजेरीबाईंचं खरं नाव त्यांच्या ओळखपत्रावर तेवढं असायचं. विद्यापीठाच्या त्या विभागात बावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, कोण आलं आणि कोण नाही आलं ते लिहायचं. मित्राच्या नंबराला ‘हजर’ म्हणणारा भामटा त्या नुसत्या आवाजावरून पकडायच्या. त्यांच्या हातावर तुरी देऊन कुणी सटकेल तर शपथ. नावं मात्र डोक्यात राहायची नाहीत, राहायचे ते नंबर. “काय रे तेवीस, कुठं निघालास?” असं जिन्यात हटकलं की तेवीस मुकाट मागं फिरायचा.

मग साथ आली, विभागाला कुलूप लागलं आणि हजेरी बाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर येऊन बसली. आवाज गेले, चेहरे गेले, उरले नुसते काळे चौकोन. कॅमेरा कोण चालू ठेवतंय? संध्याकाळी संगणक यादी द्यायचा, कोण कधी वर्गात शिरलं, कधी बाहेर पडलं. या यंत्रावर माझा काडीचा विश्वास नाही, असं म्हणत म्हणत बाई त्यानं दिलेलं सगळं रजिस्टरात उतरवून घ्यायच्या.

पोरं धडाधड गळायला लागली. घरोघरी फोन करकरून बाईंच्या नाकी नऊ आले. कुणी दुपारी तीनपर्यंत झोपलेलं, कुणी शेवटची आंघोळ कधी केली ते विसरलेलं, कुणी फोनवरच रडायला लागायचं. या सगळ्यात एक एक्केचाळीस नंबर. तीन महिन्यांत एक खाडा नाही. सगळ्यांच्या आधी हजर, सगळ्यांच्या शेवटी बाहेर. बाईंना इतकं कौतुक वाटलं की त्यांनी मुद्दाम तिच्या वडिलांना फोन लावला.

वडील शिंपी, मशीन घरातच. बायको जाऊन वर्षं झालेली, बापलेक दोघंच. “काका, तुमच्या मुलीसारखी पोर वर्गात दुसरी नाही,” बाई म्हणाल्या. “तिला जपा. वर्ग चालू असताना दार वाजवू नका, आवाज करू नका.”

शिंपीकाकांनी ते शब्दशः पाळलं. दिवसा मशीन बंद, शिवणकाम सगळं पहाटे. जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवायचं आणि पाय न वाजवता परतायचं. गिऱ्हाईक आलं तर त्याच्याशीही कुजबुजत बोलायचं.

याला तीन आठवडे झाले. एका मंगळवारी शिकवणाऱ्या सरांना ताप आला. वर्ग रद्द, तसा निरोप सकाळीच सगळ्यांना गेला. दुपारी बाईंनी सवयीनं यादी उघडली. कोरी असायला हवी होती. तीत एकच नंबर होता. एक्केचाळीस, साडेनऊपासून आत.

“वेडी गं बाई, निरोप वाचला नाही वाटतं,” असं म्हणून बाई हसल्या. मग त्यांचं हसू थांबलं. रिकाम्या वर्गात पाच तास कोण बसतं?

त्यांनी जुन्या याद्या काढल्या. बाकीचे वर्ग संपताच पळालेले. एक्केचाळीस रोज संध्याकाळी पाचला बाहेर, म्हणजे संगणक वर्ग आपोआप बंद करतो तेव्हा. मधल्या सुट्टीतही आत. रविवारची यादी बाईंनी कधी उघडलीच नव्हती, ती उघडली. तीन रविवार ओळीनं, एक्केचाळीस हजर. बावीस वर्षं खोटी हजेरी हुडकणारी बाई, आणि तिच्याच रजिस्टरात ही.

मुलीचा फोन बंद. त्यांनी शिंपीकाकांना लावला.

“काका, पोर कुठंय?”

“वर्गात आहे की,” काका कुजबुजले.

“आज वर्ग नाही. सर आजारी आहेत. दार वाजवा.”

“पण तुम्हीच म्हणाला होतात...”

“मी चुकले. दार वाजवा, काका. फोन ठेवू नका.”

चपलांचा आवाज आला. मग टकटक, अगदी हलकी. “चिमणे?” पुन्हा टकटक. “चिमणे, दार उघड गं.” मग हाताची थाप, मग दोन्ही हातांच्या. आतून काही नाही. बाईंचा जीव टांगणीला लागला. टेबलाची कड त्यांनी इतकी घट्ट धरली होती की बोटं दुखायला लागली.

“आतून कडी आहे,” काका म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

“कात्री आणा. कापडाची, मोठी. फटीत घालून कडी वर ढकला.”

लोखंड लाकडावर घासल्याचं ऐकू येत राहिलं. एकदा कात्री पडली. मग दार भिंतीवर आपटलं आणि बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. त्या वेळात बाईंनी स्वतःला काय काय शिव्या दिल्या ते त्यांनाच ठाऊक.

“आहे,” काका म्हणाले. “आहे, बाई. डोळे उघडे आहेत.”

ती पलंग आणि भिंतीच्या मधे जमिनीवर पडून होती. रोज सकाळी उठायचं, लॅपटॉपवर वर्गात शिरायचं बटण दाबायचं आणि परत तिथं जाऊन पडायचं, एवढंच तिला जमत होतं. दाराबाहेरून आत ओढून घेतलेली ताटं पलंगाखाली तशीच वाळत होती.

फोन तिच्या कानाशी गेला. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग अगदी बारीक आवाजात तिनं विचारलं, “बाई, हजेरी लागली ना माझी?”

बाईंनी रजिस्टर पुढं ओढलं आणि एक्केचाळीसच्या रांगेत पेन टेकवलं.

“नाही. आज तू गैरहजर आहेस. मी तसं लिहिलंय. उद्याही गैरहजर, आणि डॉक्टर सांगतील तोवर. आता कुठं जायचं नाही, काही दाबायचं नाही. नाव काय गं तुझं?”

तिनं नाव सांगितलं, आणि सांगता सांगता रडायला लागली, मोठ्यानं. बाईंनी फोन ठेवला नाही.

जरा वेळानं शिंपीकाका फोनवर आले. अजूनही कुजबुजतच होते.

“बाई,” ते म्हणाले, “आता घरात मोठ्यानं बोललं तर चालेल ना?”