आईला अथेन्स दाखवताना

अथेन्समधल्या शेवटच्या दिवशी मी आईला तिचा चहाही धड पिऊ दिला नाही. विमान रात्रीचं होतं, हॉटेलची खोली सोडून बॅगा खाली काउंटरपाशी ठेवल्या होत्या आणि ॲक्रोपोलिस, म्हणजे टेकडीवरची ती जुनी देवळं, अजून बघायचं राहिलं होतं. सगळं जग जे बघायला अथेन्सला येतं, तेच आम्ही रोज पुढं ढकलत होतो. म्हणजे आई ढकलत होती. "बघू उद्या," म्हणायची आणि चौकातल्या बाकावर बसून कबुतरं बघायची. कबुतरं काय, लातुरातही होती.

माझी घाई नुसती ॲक्रोपोलिससाठी नव्हती. बाबा गेल्यापासून आई लातूरच्या घरात एकटी राहत होती. तिनं कायमचं दोह्याला माझ्याकडं यावं, असं मी आणि धाकट्या भावानं फोनवर ठरवून टाकलं होतं. पुण्यातल्या त्याच्या छोट्या फ्लॅटमध्ये आधीच दाटीवाटी, आणि दोह्यात अल गराफातल्या माझ्या घरी एक खोली रिकामी. लातूरच्या घराला चांगला भाडेकरूही मिळाला होता आणि त्याला त्याच संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. आई तेवढी हो म्हणायची राहिली होती.

मी दोह्यात एका भारतीय शाळेत शिकवते. दर उन्हाळ्यात सुट्टी लागली की लातूर गाठायचं, हे लग्नापासून ठरलेलं. या वर्षी उलटं केलं, आईलाच दोह्याला बोलावलं. ती आली आणि एसीत बसून राहिली. नवरा दिवसभर ऑफिसात. मुलाशी ती मराठीत बोलायची, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा, आणि दोघंही थोड्या वेळानं गप्प व्हायची. संध्याकाळी आम्ही तिला मॉलमध्ये फिरवून आणायचो. ती कंटाळली आहे हे दिसत होतं, म्हणून मी अथेन्स काढलं. सरळ सांगायचं तर ही लाच होती. दोह्यात राहिलीस तर दर वर्षी असं एक शहर दाखवीन, हे मी तिला येता-जाता ऐकवत होते. ती "बरं" म्हणायची आणि विषय बदलायची.

निघताना काउंटरवरची बाई म्हणाली, आज ऊन फार आहे, दुपार टळू द्या. मी ऐटीत सांगितलं, आम्ही दोह्याहून आलोय, आम्हाला उन्हाचं काय कौतुक! हे सांगताना मी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरले. दोह्यातलं ऊन मी काचेतून बघते. घरातून गाडीत, गाडीतून शाळेत, शाळेतून मॉलमध्ये. उन्हात राबणारे लोक वेगळे. ते इंडस्ट्रियल एरियातल्या कामगार वस्त्यांतून कंपनीच्या बसनं येतात आणि सिग्नलला त्यांची बस शेजारी थांबली की मी एसी आणखी वाढवते.

टेकडीचा रस्ता दगडी होता आणि पाय ठेवावा तिथून झळा येत होत्या. "यल्ला आई, चल पटपट," मी पुढून ओरडत होते.

"अगं, का पळायलीस? ते देऊळ काय उठून जाणाराय का?"

गेटपाशी पोचलो तर गेट बंद. उन्हामुळं दुपारभर कुणाला वर सोडणार नव्हते. मी रखवालदाराशी हुज्जत घातली, आज रात्रीच आमचं विमान आहे म्हणून सांगितलं, आवाजही चढवला. त्यानं शांतपणे झाडाखालची सावली दाखवली. मी आणखी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि डोळ्यांपुढं अंधारी आली.

आईनंच मला दंडाला धरून झाडाखाली बसवलं. बाटलीतलं पाणी पदरावर ओतलं आणि तो ओला पदर माझ्या डोक्यावर धरून बसली. लोक बघत होते. मला लाजही वाटत होती आणि रागही येत होता. तेवढ्यात भावाचा फोन आला. मी तो कापला.

"त्याचाच ना?"

"हो. आई, एकदाचं सांग ना! हो की नाही? इतके दिवस तुझ्या मागं मागं फिरतेय मी."

"मागं कुठं? पुढंच पळत होतीस की."

मी हसले नाही. तिनं बाटलीतलं उरलेलं पाणी पदरावर ओतलं.

"तुझ्याकडं काही कमी नाही गं," ती म्हणाली. "पण इतके दिवस झाले, कुणी मला 'काय काकू, कुठं निघालात?' असं विचारलं नाही."

याचं उत्तर माझ्याकडं तयार होतं. दोह्यात आपली खूप माणसं आहेत, हळदीकुंकू होतं, गणपती बसतो, ओळखी होतील. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आणि सुट्टी लागल्यावर तू कुठं येणार?"

"म्हणजे?"

"घरात भाडेकरू. मी तुझ्याकडं. भावाकडं टेकायला जागा नाही. मग माहेरी म्हणून कुठं जायचीस तू?"

"तूच माझ्याकडं असशील, तर मी कशाला कुठं जाऊ?" मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता मला लातूर आठवलं. लातूरला गेले की पहिले दोन दिवस मी नुसती झोपते. आई मला कपसुद्धा उचलू देत नाही. शेजारच्या काकू विचारत येतात, "आली का गं लेक?" निघताना आई ओटी भरते आणि मी दरवर्षी सामान जास्त झालं म्हणून चिडचिड करते. दोह्यात आई असती, पण भाजी मीच चिरली असती. हे माझ्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं. मी तिच्यासाठी सोय बघत होते आणि ती माझ्यासाठी घर राखून बसली होती. मला रडू फुटलं आणि ते थांबेना.

"तिथं एकटी पडलीस-झडलीस तर?" मी कसंबसं विचारलं.

"पडले तर शेजारीण धावत येईल. तुझ्याकडं दिवसा पडले तर कोण येणाराय?"

संध्याकाळी गेट उघडलं आणि आम्ही वर गेलो. आता आई पुढं होती. इतके दिवस कशाकडं मान वर करून न बघणारी बाई खांबाखांबापाशी थांबत होती. एवढे दगड वर कसे चढवले, छप्पर कुठं गेलं, देवीचं देऊळ म्हणालीस तर देवी कुठाय, असं सारखं विचारत होती. मी काहीबाही सांगत होते. माझं लक्ष तिच्या चपलांकडं होतं, घसरेल म्हणून.

फोन पुन्हा वाजला. मी बाजूला जाऊन भावाला सांगितलं, "भाडेकरूला नाही म्हणून कळव."

"का? आई नाही म्हणाली?"

"मीच नाही म्हणतेय."

तो म्हणाला, "ताई, पण तिला रात्रीबेरात्री काही झालं तर?"

आई त्या पडक्या देवळासमोर पदर सावरत उभी होती.

"पुढच्या सुट्टीला मी घरी येतेय," एवढंच मी म्हणाले.