चाकूरचा थांबा

रामलिंगअप्पा एसटीत कंडक्टर होते आणि त्यांचा आवाज असा, की नांदेडच्या स्टँडावर त्यांनी "लातूर, लातूर, लातूर!" असा पुकारा केला की हिंगोलीला निघालेला माणूसही क्षणभर विचारात पडायचा. उभी नोकरी एकाच रस्त्यावर गेली. विष्णुपुरी, मारतळा, सोनखेड, लोहा, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर, आष्टामोड, लातूर. ही नावं ते झोपेतही घ्यायचे, आणि शेजारून त्यांची बायको कमलम्मा म्हणायची, "उतरा आता खाली, लातूर आलं." चाकूर हे तिचं माहेर. ती गाडीत असो वा नसो, चाकूरला अप्पांचा आवाज जरा चढायचाच.

माणूस बोलका, मनानं निर्मळ, कुणाचा एक रुपया ठेवून न घेणारा. पण गोडाच्या बाबतीत पक्का खोटारडा. पंचेचाळिशीत शुगर निघाली आणि त्या दिवसापासून आपण काय खाल्लं, हे त्यांनी घरात कधी खरं सांगितलं नाही. अहमदपूरला गाडी जरा जास्त वेळ थांबायची आणि स्टँडासमोर खव्याचे ताजे पेढे मिळायचे. आता यात गाडीचा दोष की पेढ्याचा, तुम्हीच ठरवा. संध्याकाळी कमलम्मानं विचारलं की उत्तर ठरलेलं, "छे! चहासुदिक बिनसाखरेचा घेतला." मग ती त्यांची तिकिटांची चामडी पिशवी अंगणात उलटी करायची आणि कप्प्यातून मुंग्यांची रांग बाहेर पडायची.

"मुंग्या खोटं बोलत न्हाईत," एवढंच ती म्हणायची. अप्पा मान खाली घालायचे आणि दुसऱ्या दिवशी पेढ्याचा कागद फेकून कप्पा नीट पुसायचे. जित्याची खोड, दुसरं काय!

निवृत्त होऊन दोनेक वर्षं झाली असतील. नांदेडच्या सिडकोतल्या बाजारात ते भाजीच्या गाड्यापुढं उभे होते. समोर कोथिंबिरीची जुडी, आणि तिचं नाव काही केल्या तोंडात येईना. "ते... ते हिरवं... वरून टाकतेत ते..." म्हणता म्हणता अप्पांना घाम फुटला. भाजीवाल्यानं, शेजारच्या पानवाल्यानं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी एकमतानं निदान केलं, शुगर उतरली! हल्ली घराघरात एक शुगरवाला असतो, त्यामुळे गल्लीत सगळेच अर्धे डॉक्टर. कुणीतरी त्यांच्या तोंडात खडीसाखर घातली. थोड्या वेळानं "कोथिंबीर" आली. ती तशीही आलीच असती, पण नाव साखरेचं झालं.

तेव्हापासून शब्द अडला की घरात, शेजारात, देवळात कुणी ना कुणी गुळाचा खडा पुढं करायचं. आणि अप्पांनी हे अगदी आनंदानं चालवून घेतलं. दुखणं असावं तर असं! खरं सांगायचं तर एकदोनदा शब्द अडला नसताना त्यांनी तो अडवलाही.

एके दुपारी "किल्ली" अडली. अप्पांनी सवयीनं गुळासाठी हात पुढं केला. कमलम्मानं गूळ दिला नाही. शुगर तपासायचं मशीन काढलं, त्याच हाताच्या बोटाला सुई टोचली आणि आकडा बघितला. तो चांगला वर होता.

"शुगर तर उतरली न्हाई," ती हळू आवाजात म्हणाली. "मग बोलणं कामून अडकून राहिलं?"

त्या दिवशी दोघंही पहिल्यांदा घाबरले.

डोक्याचा फोटो निघाला आणि प्रकरण लातूरच्या एका मोठ्या दवाखान्यात गेलं. तिथल्या डॉक्टर गीतांजली वयानं अप्पांच्या मुलीएवढ्या, बोलायला शांत. मेंदूच्या डाव्या बाजूला, बोलणं जिथून निघतं त्याच्या अगदी कडेला, लिंबाएवढी गाठ होती. त्यांनी काहीही न लपवता दोन्ही वाटा सांगितल्या. बेशुद्ध करून सगळी गाठ काढायला गेलं तर आयुष्य जास्त मिळण्याची आशा, पण बोलणं जाण्याची भीती मोठी. नाहीतर अप्पांना जागं ठेवायचं, बोलतं ठेवायचं, आणि बोलणं जिथं अडेल तिथं हात थांबवायचा. मग बोलणं राहील, पण गाठीचा तुकडाही राहील. तो पुन्हा वाढू शकतो.

"समदी काढा," कमलम्मा ताबडतोब म्हणाली. "मुके झाले तरी चालतंय. जन्मभर ऐकलंय मी यांचं." तिचे शब्द तेवढे खरखरीत होते. तिला हा माणूस हवा होता, कसाही.

"मुका होऊन काय करू मी?" अप्पा म्हणाले. "घरात नुसता बसलेला गडी बघून तूच कटाळशील."

"तुमी बसा तर खरं. मी बघते कटाळते का."

दोघांचा अबोला सुरू झाला. ज्या माणसाला बोलणं वाचवायचं होतं, त्यानंच चार दिवस तोंड उघडलं नाही.

इकडं दुसरीच अडचण उभी राहिली. डोक्यातली सूज उतरावी म्हणून ज्या गोळ्या दिल्या, त्यांनी शुगर आभाळाला नेली. ती खाली आल्याशिवाय डोकं उघडता येत नव्हतं. इन्सुलिन सुरू झालं. कमलम्मा नर्सकडून सुई द्यायला शिकली आणि भाकरीचा प्रत्येक तुकडा मोजूनमापून देऊ लागली. शुगर एकदाची जाग्यावर आली आणि अप्पांच्या हट्टाप्रमाणं जागेपणीच्या ऑपरेशनचा दिवस ठरला; कमलम्माला ते मात्र अजून पटलं नव्हतं.

आदल्या संध्याकाळी अप्पांच्या गाडीचा जुना ड्रायव्हर वैजनाथ भेटायला आला. बिचारा प्रेमानं आला होता, आणि येताना अहमदपूरला उतरून आला होता.

सकाळी शुगर पुन्हा चढलेली. ऑपरेशन पुढं ढकललं. डॉक्टरांनी विचारलं, "अप्पा, काल काही खाल्लं का?"

"न्हाई बा. तुमचंच औषध लागू पडंना."

डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि इन्सुलिन वाढवायला नर्सला सांगणार, तेवढ्यात कमलम्मानं उशी उचलली. खाली कागद, आणि कागदाभोवती मुंग्या. दवाखाना कितीही चकचकीत असो, मुंग्यांना पत्ता सापडतोच.

डॉक्टर रागावल्या नाहीत. इतकंच म्हणाल्या, "तुमच्या शब्दावर मी सुई वाढवणार होते, अप्पा. उद्या तुम्ही पेढा खाल्ला नसता, तर त्या सुईनं शुगर एकदम उतरली असती. जिवावर बेतलं असतं." आणि निघून गेल्या.

अप्पांना वाटलं, आता कमलम्माच्या तोंडाचा पट्टा सुरू होणार. पण ती खाटेच्या कडेला बसली आणि कागदावरच्या मुंग्या झटकल्या. मग म्हणाली, "बोलणं ठेवायचं म्हणता ना? ठेवा. मी अडवत न्हाई. पर मागं राहिलेली गाठ वाढाया लागली, तर ते पहिल्यांदा तुमालाच कळंल. मला न्हाई, डॉक्टरीणबाईला न्हाई. तवा तुमी 'काय न्हाई' म्हणले, तर कशाला वाचवायचं हे बोलणं? पेढे लपवायला? बोलणं ठेवायचं तर खरं बोलायला ठेवा."

अप्पांनी गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला. "आण हाय," म्हणाले. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

ऑपरेशनाआधी त्यांना चित्रं दाखवली गेली. जागेपणी ती ओळखून नावं सांगायची असा रिवाज. पण चित्रं कुठल्यातरी दूरच्या देशात काढलेली. मोठ्या काळ्या पियानोचं चित्र बघून अप्पा म्हणाले, "ही पेटीची आई असंल." बर्फावरच्या गाडीला त्यांनी "बिनचाकाचं टमटम" ठरवलं. डॉक्टर गीतांजली खळखळून हसल्या. त्यांचं संशोधनच याच्यावर चाललं होतं. माणसानं कधी न पाहिलेली वस्तू त्याला विचारली, तर उत्तर गाठीमुळं आलं नाही की ठाऊकच नव्हतं, हे कसं कळावं? म्हणून त्या प्रत्येक रोग्याच्या रोजच्या तोंडातले शब्द घेऊन बघत होत्या.

"अप्पा, विचार न करता तुम्ही काय म्हणू शकता?"

अप्पांनी एका दमात नांदेड ते लातूर म्हणून दाखवलं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला.

मग तो दिवस आला. डोक्याची कातडी बधिर केलेली, तोंडापुढं हिरवं कापड, आणि कापडाच्या अलीकडं बोलणं ऐकणारी एक मुलगी. वरून डॉक्टर बारीक तारेनं मेंदूला अलगद विजेचा स्पर्श करत होत्या. दुखत नव्हतं. अप्पांनी गाडी सोडली. विष्णुपुरी गेलं, लोहा गेलं. पुन्हा नांदेडपासून, पुन्हा लातूरपर्यंत. किती फेऱ्या झाल्या कोण जाणे. इतक्या फेऱ्या तर डेपोनंही कधी लावल्या नव्हत्या.

"...माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद..."

पुढं काहीच नव्हतं. रस्ता दिसत होता, स्टँड दिसत होता, कमलम्माच्या माहेरचा कडुनिंब दिसत होता, आणि नाव नव्हतं. अप्पांना इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. डॉक्टरांनी तार उचलली.

"चाकूर!" अप्पा ओरडलेच.

डॉक्टरांनी तिथं आणखी दोनदा तार लावून बघितली. दोन्ही वेळा गाडी अडली. मग त्यांनी तेवढी जागा सोडून दिली आणि बाकीची गाठ काढली.

त्या जागेवर काही चाकूरचंच नाव लिहिलेलं नसतं, त्या वेळी दुसरा शब्द असता तर तोच अडला असता, असं डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. पण हे कमलम्माला पटवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. "समदी गाठ काढली," ती पाहुण्यांना सांगायची, "एक तुकडा तेवढा माझ्या माहेरात ठेवलाय." सांगताना हसायची. हसून झालं की पदरानं डोळे पुसायची.

घरी आल्यावर रोजचा नेम सुरू झाला. सकाळी अंघोळ, पूजा झाली की कमलम्मा मशीन घेऊन बसायची. बोटाला सुई, रक्ताचा थेंब, आकडा. मग मशीन बाजूला ठेवून म्हणायची, "म्हणा." अप्पा नांदेडहून निघायचे. चाकूर येईपर्यंत ती श्वास धरून असायची आणि चाकूर गेलं की चहा टाकायला उठायची. आष्टामोड आणि लातूर अप्पा एकटेच करायचे. गोड सुटलं होतं. सुटलं नव्हतं म्हणा, पण खाल्लं की ते सांगायचे. "आज लग्नात अर्धी जिलेबी झाली," असं आपण होऊन सांगणारा नवरा बघून कमलम्माला सुरुवातीला संशयच यायचा.

असं वर्षावर चाललं.

एका सकाळी आकडा चांगला निघाला. कमलम्मा खुशीत म्हणाली, "म्हणा." अप्पा निघाले. लोहा, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद. आणि पुढं काहीच नव्हतं.

कमलम्माचा चेहरा उतरायला लागलेला त्यांनी बघितला. त्यांना तो बघवला नाही. "थांबू दे की जरा गाडी," ते हसून म्हणाले. "कुणाचं तरी माहेर हाय तिथं."

"मेलं तुमचं थांबणं!" तिनं त्यांच्या हातावर चापट मारली, आणि हसत, हलक्या पायानं चहा टाकायला गेली. आत ती गुणगुणत होती.

अप्पा बसून राहिले. नाव अजूनही आलं नव्हतं. आणि आजच नाही. चार दिवसांपूर्वी चष्म्याला ते "डोळ्यावरचं" म्हणाले होते, काल दाराच्या कडीला नुसतं "ते". आता सांगितलं की पुन्हा लातूर, पुन्हा ते फोटोचं घरघरणारं मशीन, कदाचित पुन्हा डोकं उघडणं. नाही सांगितलं तर आजचा चहा सुखाचा होणार होता, उद्याचाही. जन्मभराची सवय कानाशी लागली होती, काय न्हाई म्हण, काय न्हाई. आणि या खोट्याला मुंग्याही लागणार नव्हत्या.

कमलम्मा कप घेऊन बाहेर आली.

"कमल," अप्पा म्हणाले, "गाडी थांबली नव्हती. नाव आलंच न्हाई."

तिनं कप खाली ठेवला. "कवापासून?"

"चार-पाच दिस झाले."

ती तशीच माघारी वळली. आत जाऊन भाकरी बांधली, इन्सुलिनची पिशवी घेतली, पायात चपला घातल्या. "चला," म्हणाली. जाताना बसमध्ये दोघं शेजारी बसले. लातूरपर्यंत तिनं त्यांचा हात धरून ठेवला होता. चारचौघांत असं तिनं लग्नातसुद्धा केलं नव्हतं.

नव्या फोटोत त्या तुकड्याला वाटाण्याएवढी वाढ दिसली. डॉक्टर गीतांजलींनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून बराच वेळ बघितलं.

"चार महिन्यांनी आला असता तर माझ्या हातात फारसं काही राहिलं नसतं," त्या म्हणाल्या. "आत्ता किरणोपचारांवर भागेल असं वाटतं. तुमची तपासणी तर चार महिन्यांनंतरच होती. मग आधीच कसं कळलं?"

कमलम्मानं नवऱ्याकडं बोट दाखवलं. "यांनी सांगितलं," ती म्हणाली. मुलगा बोर्डात पहिला आल्यावर आई सांगते ना, तसं.

किरणांची तारीख घेऊन दोघं परत निघाले. आष्टामोड गेलं. ऊन उतरत होतं. अप्पा खिडकीशी बसले होते. रस्त्याच्या कडेला गावाचं नाव लिहिलेली हिरवी पाटी आली तसे ते ताठ झाले.

"चाकूर!" ते मोठ्यानं म्हणाले. पुढच्या सीटवरच्या दोन बाया उतरायला उठल्या.

कमलम्मानं पाटीकडं बघितलं, मग त्यांच्याकडं.

"वाचून म्हणलेलं मी धरत न्हाई," ती म्हणाली. "डोळे मिटा. नांदेडपासून म्हणा."