प्रस्थानाची पिशवी

उद्धवकाका चांदूरकर भित्रे होते, हे आमच्या घरात सर्वमान्य होतं आणि ते स्वतःही कधी नाकारत नसत. विंचवाला, पोलिसाला, विजेच्या बटणाला आणि माझ्या वडिलांना ते सारखेच भीत. दिवाळीत फटाके वाजायला लागले की अमरावतीच्या बुधवाऱ्यातल्या आमच्या घरी ते माजघरात जाऊन बसत आणि आम्ही मुलं मुद्दाम खिडकीखाली लवंगी लावत असू. त्यांची एक खोड मात्र कुणालाच कळत नसे. कुणी पाया पडायला वाकलं की चटका बसल्यासारखे ते पाय मागे ओढून घेत. लग्न होऊन आलेली नवी सून वाकली, तर बिचारीला जमिनीलाच नमस्कार करावा लागला. लोक म्हणत, चक्रम आहे. मला कारण ठाऊक आहे. ते घडलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. घरात जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं, आणि उरलेलं काकांनी मला पुढे तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, तेही रमाकाकू शेजारी बसलेली असली तरच.

असा माणूस लढाईवर गेला कसा, तर पोस्टातून. पगार जास्त म्हणून त्यांनी लष्करी टपाल कचेरीत नाव घातलं आणि तीन वर्षं बसऱ्याला पत्रांवर शिक्के मारले. बंदूक त्यांनी फक्त दुसऱ्याच्या खांद्यावर पाहिली. लढाई संपली आणि १९४६ च्या आषाढात घरी जायची पाळी आली. लष्करी विमानांत जागा रिकाम्या असत, त्यांत कचेरीतल्या माणसांना आळीपाळीने बसवत. काकांचं नाव बुधवारच्या विमानाला लागलं. शनिवारच्या विमानाला शालिकरामचं.

शालिकराम त्यांच्याच कचेरीत थैल्या बांधायचं काम करी. मूर्तिजापूरचा माळी. परदेशात आपल्या बाजूचं माणूस भेटलं की ते सख्ख्याहून जवळचं होतं. दोघं रोज संध्याकाळी ज्वारीच्या भाकरीच्या आठवणी काढत. शालिकरामला कावीळ झाली होती. डोळे हळदीसारखे पिवळे. मंगळवारी तो काकांजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "बाबू, मले लवकर घरी जाऊ द्या. शनवारपावतर मी काई टिकत नाई."

काकांनी जागा दिली. साहेबाने तोंडी हो म्हटलं, यादीतलं नाव बदलायचं राहून गेलं. इथपर्यंत सगळं कुणाच्याही हातून व्हावं असंच आहे. पुढचं मात्र भिक्षुकाच्या घरातल्या माणसालाच सुचावं. शनिवारी पूर्वेला दिशाशूळ, म्हणजे त्या दिवशी पूर्वेचा प्रवास वर्ज्य. आणि बसऱ्याहून हिंदुस्थान पूर्वेलाच. माझे वडील, वामनशास्त्री, यांच्या धाकट्या भावाने दिशाशुळात निघायचं म्हणजे काय! तेव्हा काकांनी आमच्याकडे शिकवतात तेच केलं. प्रस्थान ठेवलं. ज्याला चांगल्या मुहूर्तावर स्वतः निघता येत नाही, त्याने आपलं काहीतरी त्या मुहूर्तावर पुढे पाठवायचं, म्हणजे प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. एका कापडी पिशवीत जानवं, सुपारी आणि हळकुंड घालून, वर आपलं नाव शिवलेलं होतं तसंच ठेवून, त्यांनी ती बुधवारी शालिकरामच्या हातात दिली.

शनिवारी काका निघाले. डोळे मिटून, रामरक्षा म्हणत. दोन-तीन तासांतच एका बाजूचं इंजिन खोकायला लागलं आणि विमान अरबस्तानच्या किनाऱ्यावर एका वाळवंटात उतरलं. तिथे पत्र्याची एक छपरी, पाण्याची एक टाकी आणि वाऱ्याने फडफडणारं एक निशाण होतं. इंजिनाचा कुठलासा भाग कराचीहून यायचा होता. तो आल्याशिवाय विमान हलणार नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी काकांना उलट बरंच वाटलं, कारण जमिनीवर होते. मग तिथला गोरा अधिकारी हातात कागद घेऊन आला. बुधवारचं विमान समुद्रात पडलं, कुणी वाचलं नाही, असं त्याने सांगितलं आणि इथल्या कुणाचे सोबती त्यात असतील म्हणून नावं वाचली. सहावं नाव उद्धव चांदूरकर.

काका म्हणत, "चारू, मले वाटलं मीच मेलो. मी मांडीले चिमटा घेऊन पाहिला."

ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, मी तो, मी जिवंत आहे. अधिकाऱ्याने कागद पाहिला, त्यांच्याकडे पाहिलं. एका मच्छिमाराला पाण्यावर त्यांच्या नावाची पिशवी सापडली होती, त्यामुळे कुणाला शंकाच आली नव्हती. घरी तार गुरुवारीच गेली होती. इथलं बिनतारी यंत्र फक्त सरकारी निरोपांसाठी. नाव चुकल्याचं बसऱ्याला कळवतो, पुढे ते पाहतील, असं तो म्हणाला. तो निरोप अमरावतीला कधीच पोचला नाही.

आता काकांची खरी भीती सुरू झाली, आणि ती मरणाची नव्हती. आपले बंधू काय करतील हे त्यांना तोंडपाठ होतं. दोन वर्षांपूर्वी पेढी नदीच्या पुरात एकजण वाहून गेला, तेव्हा बाबांनीच निर्णय दिला होता: आठ दिवस देहाची वाट पाहायची, नवव्या दिवशी पालाशविधी. म्हणजे पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा, आणि त्याच दिवशी त्याच्या बायकोचं कुंकू पुसायचं. आमच्या घरात तेवढ्यावर भागत नसे. माझी आत्या गोदाबाई सोळाव्या वर्षी विधवा झाली, तेव्हा परसात तिचं केशवपन केलं होतं. काका तेव्हा नऊ वर्षांचे. न्हाव्याला पाण्याचा तांब्या नेऊन द्यायचं काम त्यांच्याकडे होतं. आत्या ओरडत नव्हती, नुसती हातांनी डोकं झाकून घेत होती, आणि दोघी बायका तिचे हात धरून होत्या.

गुरुवार पहिला दिवस धरला तर नववा दिवस पुढचा शुक्रवार. रमाकाकूचे केस गुडघ्यापर्यंत होते.

रविवारी भाग आला नाही. सोमवारी आला, तो चुकीचा निघाला. मंगळवारी सगळ्यांना विमानात बसवलं, तासभर उन्हात भाजलं आणि परत खाली उतरवलं. बाकीचे लोक पत्ते खेळत होते, शिव्या देत होते, कुणी वाळूत निजत होतं. काका बोटांची पेरं मोजत. छपरीच्या सावलीत बसून ते त्या अधिकाऱ्याला दर दोन तासांनी विचारायला जात, आणि शेवटी तो त्यांना लांबून पाहूनच मान हलवायला लागला. "मी कोणाले काय सांगू? त्याले म्हणू का, की साहेब, माझ्या बायकोची हजामत होऊन राहिली?" असं ते म्हणत. ऐकताना आम्हाला हसू येई, आणि त्यांचा चेहरा पाहिला की ते जागीच विरे.

शालिकरामची आठवण आली तेव्हा मंगळवार संपत आला होता. तीन दिवस आपण त्याच्यासाठी एक टिपूस गाळलं नाही, याची त्यांना इतकी शरम वाटली की त्यांनी ती कुणाला सांगितली नाही. मला सांगितली, तीही वीस वर्षांनी.

बुधवारी दुपारी विमान उडालं. कराचीला रात्रभर तळाबाहेर कुणाला सोडलं नाही; तिथून गुरुवारी मुंबई. बोरीबंदरला गाडीत बसण्याआधी काका तारघरात धावले, तर दाराशी संपवाले बसलेले. त्याच दिवशी देशभर टपालवाल्यांचा संप सुरू झाला होता. खिडकीतला बाबू म्हणाला, तार घेतो, पण तिकडे घरी नेऊन द्यायला शिपाई नाही. तीन वर्षं स्वतः टपालात घालवलेल्या माणसाने काय भांडायचं? तार केली आणि नागपूरची गाडी पकडली.

शुक्रवारी उजाडता उजाडता अकोला गेलं आणि मूर्तिजापूर आलं. फलाटावर एक बाई प्रत्येक डब्यात डोकावत येत होती. डोक्यावर भाजीची टोपली, कपाळभर कुंकू, हनुवटीवर गोंदण. काकांनी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण शालिकरामने बसऱ्याला तिचा फोटो शंभरदा दाखवला होता. ती जयवंता. नवरा याच गाडीने यायचा म्हणून ती रोज सकाळी येत असणार. तिच्या नवऱ्याचं नाव मेलेल्यांच्या यादीत नव्हतंच. तिला तार गेलीच नव्हती.

उतरलं तर गाडी जाईल. पुढची दुपारी. तोवर घरी सगळं आटोपलं असेल. काकांनी खिडकीची लाकडी झडप खाली ओढली आणि गाडी हलेपर्यंत दोन्ही हातांनी दाबून धरली.

इकडे घरी तार आल्यापासून काय झालं ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. शेजारच्या वकिलांनी ती वाचून दाखवली: विमान समुद्रात पडलं, उद्धव चांदूरकर मयत, नावाच्या पिशवीवरून ओळख पटली, आत जानवं, सुपारी, हळकुंड. रमाकाकू दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती. तिसऱ्या दिवशी ती उठली आणि मला म्हणाली, "चारू, पिशवीत काय होतं ते मले पुन्हा सांग." मी सांगितलं. ती उठून ओसरीच्या दारापाशी गेली.

काकू माझ्या वडिलांशी कधी बोलली नव्हती; मोठ्या दिराशी बोलायची रीतच नव्हती. बाबा ओसरीवर, ती दाराआड, मध्ये मी. ती म्हणाली, "चारू, तुझ्या बाबाले विचार, प्रस्थान कोण ठेवते?"

बाबा म्हणाले, "हे काय विचारणं झालं? ज्याले त्या दिवशी निघता येत नाही, तो."

"मग विचार, जे निघालेच नाहीत, ते बुडले कसे?"

साऱ्या बुधवाऱ्याला प्रस्थान शिकवणाऱ्या माझ्या वडिलांनी पंचांग मिटलं. मग म्हणाले, "तिले म्हणाव, मन घट्ट कर. सरकारी तार खोटी नसते." शास्त्रापेक्षा त्यांचा सरकारवर विश्वास जास्त होता, हे मला त्या दिवशी कळलं आणि मी ते त्यांना कधीच माफ केलं नाही.

शुक्रवारी सकाळी पळसाची पानं आली. बाबा अंगणात दर्भाने पानं बांधायला बसले. मांड्या झाल्या, पोट झालं. न्हाव्याला निरोप गेला. तेव्हा गोदाआत्या, जिने तीस वर्षांत भावापुढे शब्द काढला नव्हता, मुसळ घेऊन माजघराच्या उंबऱ्यात बसली. "न्हाव्याले येऊ दे," एवढंच म्हणाली. आत काकू केस पोटाशी धरून बसली होती.

न्हाव्याच्या आधी काका आले. टांग्यातून उतरले, दाढी वाढलेली, डोळे खोल. अंगणात आपले पळसाचे पाय पाहून जागीच थबकले. बाबा उठले आणि, खोटं कशाला सांगू, पहिलं वाक्य बोलले ते हे: "तिथंच थांब. विधी अर्धा झालेला हाय. तुले असाच घरात घेता येते का, ते पोथीत पाहावं लागते."

"वामन," गोदाआत्या उंबऱ्यातून म्हणाली, "पोथी ठेव अन् बाजूले हो."

काका आत गेले. काकू उभी राहिली. तिच्या कपाळावर कुंकू होतं, कालचं, जरा पसरलेलं. काका तिथेच खाली बसले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. मी आयुष्यात कधी इतकी आनंदी झाले नाही. मला वाटलं, संपलं सगळं.

काकूने त्यांना पाणी दिलं. ते प्याले. मग तिने विचारलं, "पिशवी कोणापाशी देली होती?"

काकांनी सांगितलं. फलाटावरचंही सांगितलं, झडपेचंही. काकू ऐकत होती. भात वाढलेला होता, तो तसाच राहिला. ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "उठा. दुपारच्या गाडीनं जाऊ. मी येतो संगं."

"रमा, मले भेव वाटते."

"मलेही वाटते. उठा."

मूर्तिजापूरला ती दोघं उतरली तेव्हा ऊन कलत होतं. जयवंता स्टेशनाबाहेरच भाजी घेऊन बसली होती. काका गाडीत वाक्यं जुळवत आले होते, पण समोर गेल्यावर एकही आठवेना. शेवटी काकू म्हणाली, "हे अमरावतीचे चांदूरकर. बसऱ्याच्या पोस्टातले."

जयवंता ताडकन उठली. तिचा चेहरा उजळला. कमरेच्या पिशवीतून तिने एक घडी केलेलं पत्र काढलं. निघायच्या आदल्या दिवशी शालिकरामने टाकलेलं, संपाआधी पोचलेलं.

"तुमीच का ते बाबू?" ती म्हणाली. "मास्तरकडून वाचून घेतली म्या चिठ्ठी. माह्या मान्साचा जीव जात होता, तं तुमी आपली जागा त्याले देली. आता येतीनच ते. तुमचे उपकार मी कसे फेडू, देवा?"

आणि काकांच्या तोंडून शब्द फुटायच्या आत ती वाकली, दोन्ही हातांनी त्यांचे पाय धरले आणि कपाळ टेकलं. ती वर झाली तेव्हा काकांच्या उजव्या पायावर तिचं कुंकू लागलेलं होतं. ते पुसायला ते वाकले नाहीत. तसेच उभे राहून, त्या कुंकवाकडे पाहत, त्यांनी तिला सांगितलं.