गोजराबाई आणि बोकडाचं हृदय

प्राणिशास्त्र घेऊन मी बी.एस्सी. झाले, ते एकही बेडूक न कापता. आज सांगते, त्या काळी कुणी माझ्याबद्दल असं म्हटलं असतं तर त्याला मी दारातून बाहेर काढलं असतं. कॉलेजात एका टेबलाशी आम्ही दोघी असायचो. जोडीदारीण कापायची, मी आकृती काढायचे. माझी आकृती प्रोफेसर सगळ्या वर्गाला फिरवून दाखवायचे, आणि मी नाक चिमटीत धरून खिडकीबाहेर बघत बसायचे. ज्या घरात चातुर्मासात कांदा उंबऱ्याच्या आत येत नव्हता, तिथल्या मुलीनं बेडूक कापायचा कसा? परीक्षेला माझ्या वाट्याला झुरळ आलं. देव पावला म्हणायचं.

अशा बाईवर पुढं स्वतःच्या पोरांना घरी शास्त्र शिकवायची पाळी आली. आमची विमला सात वर्षांची असताना तिला सांध्यांचा ताप आला आणि तो हृदयापर्यंत गेला. डॉक्टरांनी दोन वर्षं शाळा बंद केली. अंथरूण, आणि महिन्याला एक पेनिसिलिनचं इंजेक्शन. धाकटा कृष्णाजी, म्हणजे आमचा किट्टू, अक्का नाही तर मीही नाही म्हणून शाळेच्या फाटकाला धरून असा रडला की मास्तरांनीच हात जोडले. तेव्हा १९५७ सालापासून दोघांची शाळा आमच्याच घरात भरायला लागली. मास्तरीण मी, हेडमास्तरीण मी आणि ओरडायलाही मीच.

बंगळूरचं आमचं जयनगर तेव्हा नवं होतं. निम्म्या साइट, म्हणजे घरांचे प्लॉट, रिकाम्या आणि त्यांवर गुडघाभर गवत. आमच्या मागं तीन साइट ओलांडल्या की गोजराबाईंचं घर. त्यांच्या घराण्याला बंगळूरला येऊन तीनशे वर्षं झाली होती, त्यामुळं त्यांच्या मराठीत कन्नड किती आणि मराठी किती हे त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांच्याकडं दोन म्हशी होत्या. सकाळी आमच्या मागच्या दारी दूध घालायला यायच्या आणि एकदा बोलायला लागल्या की दूध नासेपर्यंत हलायच्या नाहीत. त्यांचे दीर हणमंतराव लालबागेच्या पलीकडं मिलिटरी हॉटेल चालवायचे. मिलिटरी म्हणजे तिथं शिपाई जेवायचे असं नाही. मटण मिळणाऱ्या खाणावळीला आमच्या गावात तसंच म्हणतात. त्या हॉटेलचं मटण गोजराबाई आपल्या परसात, धुण्याच्या दगडाशी बसून साफ करायच्या. तीस वर्षं हेच काम. सुरी अशी फिरायची की जणू शेंगा सोलताहेत.

एकदा मी पोरांना पुस्तकातून माशाचे कल्ले शिकवत होते. पायरीवर बसलेल्या गोजराबाई हसायला लागल्या. म्हणाल्या, कागदावरचा मासा ताजा की शिळा ते कसं कळणार? मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी किट्टू त्यांच्या परसात गेला, खरा मासा बघून आला आणि विमलाच्या पलंगाशी बसून तासभर हातवारे करून सांगत राहिला. पोरीचा चेहरा किती दिवसांनी खुलला होता! मग दर रविवारी आमचे हे, नरसिंहराव, विमलाला उचलून तिकडं न्यायला लागले. कोंबडीच्या पोटातली खड्यांची पिशवी झाली, बोकडाचं फुफ्फुस झालं. किट्टूनं ते नळीनं फुंकून फुगवलं. मी फाटकापाशी नाकाला पदर लावून पुस्तकातली नावं वाचायचे. याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात, आणि मी ते मोठ्या रुबाबात करत होते.

माझे सासरे भीमाचार्य कडक सोवळ्याचे. परत आल्यावर सगळ्यांनी डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय घरात पाय ठेवायचा नाही, असा त्यांचा हुकूम होता. आणि संध्याकाळी तेच किट्टूला जवळ घेऊन हळूच विचारायचे, कोंबडीच्या पोटात खडे किती निघाले रे?

एकोणसाठच्या एप्रिलात डॉक्टरांनी विमलाला तपासलं आणि म्हणाले, आता चालू दे, जूनपासून शाळेत घाला. एक झडप जन्मभर थोडी गळेल. शर्यती लावू नका, एवढंच. मी पेढे वाटायला निघाले होते. पण त्याच आठवड्यात आमच्या एक आतेसासूबाई आल्या आणि पोरीच्या पलंगाशी उभ्या राहून म्हणाल्या, हृदयाचं दारच फाटलंय, पाऊल टाकेल आणि काय होईल कुणी सांगावं. जिभेला हाड नसतं म्हणतात, ते काही खोटं नाही.

झालं. विमलानं जमिनीवर पाय टेकायचं सोडलं. मोरीपर्यंतसुद्धा उचलून न्यावं लागे. हात सतत छातीवर. डॉक्टर रागावले, मी रागावले, ह्यांनी नव्या परकराचं आमिष दाखवलं. ती एकच म्हणायची, "फुटेल." डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हृदयाची मला काळजी नाही, पायांची आहे, अशीच पडून राहिली तर पायांतलं बळ जाईल आणि मग ही उठायचीच नाही. सकाळी दूध घेताना मी गोजराबाईंपाशी रडले. त्यांनी चरवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "रविवारी आणा, अक्का. गुंडिगे काढून ठेवते."

गुंडिगे म्हणजे कन्नडमध्ये हृदय. माझं डोकंच फिरलं. हृदयाला घाबरलेल्या पोरीला कापलेलं हृदय दाखवायचं? मी त्यांना नाही नाही ते बोलले आणि उद्यापासून दूध नको म्हणून सांगितलं. त्या "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या आणि चरवी उचलून गेल्या. दोन दिवस आमच्या घरात बिनदुधाची कॉफी झाली. सगळे ती तोंड वाकडं करून प्यायले आणि माझ्या धाकानं कुणी काही बोललं नाही. पण किट्टूच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्यानं विमलाला सगळं सांगून टाकलं होतं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मला बघायचंय." मी मुकाट्यानं मागच्या बाजूनं गेले आणि गोजराबाईंची माफी मागितली. त्यांनी मला ताक दिलं.

रविवारी ह्यांनी विमलाला उचलून नेलं आणि परसातल्या दगडावर मांडीवर घेऊन बसले. परातीत बोकडाचं हृदय होतं, धुऊन स्वच्छ केलेलं.

"एवढंच असतं?" विमलानं विचारलं.

मी पुस्तक उघडून डावा कप्पा कुठला ते दाखवलं. गोजराबाईंनी अंगठ्यानं दाबून बघितलं आणि म्हणाल्या, ही भिंत पातळ आहे, जोर करायची भिंत दुसरीकडं आहे. मी पदवीधर बाई, ऐकते कसली! चित्रावर बोट ठेवून वाद घालत बसले. शेवटी विमलाच म्हणाली, "अम्मा, चित्रातलं हृदय आपल्याकडं तोंड करून आहे. त्याचं डावं आपल्या उजवीकडं येणार." गोजराबाई अशा हसल्या की तोंडातलं पान बाहेर यायचंच बाकी राहिलं. मी पुस्तक मिटलं, पदर खोचला आणि दगडाशी बसले.

गोजराबाईंनी वरचा कप्पा कापून काढला, खालच्यात पाणी भरलं आणि मला बाहेर जाणारी मोठी नळी चिमटीत धरायला सांगितली. मी धरली. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी खालून मूठ आवळली, तशी आतले दोन पांढरे पातळ पडदे फुगून वर आले आणि एकमेकांना चिकटले. पाण्याचा थेंब वर आला नाही. ही झडप. किट्टू टाळ्या पिटायला लागला.

"माझी अशी मिटत नाही," विमला म्हणाली. "फाटलीय."

गोजराबाईंनी माझ्या पिशवीतली भरतकामाची कात्री मागून घेतली आणि एका पडद्याला धरून ठेवणारा एक बारीक दोरा कापला. पुन्हा मूठ आवळली. पाण्याची चिळकांडी वर उडाली ती थेट ह्यांच्या सदऱ्यावर. विमला पांढरीफटक पडली. मला वाटलं, या बाईचा हात धरावा आणि पोरीला घेऊन पळावं.

"आता नळी सोडा, अक्का," गोजराबाई म्हणाल्या. मी सोडली. त्यांनी पुन्हा पाणी भरून मूठ आवळली. नळीतून पाणी जोरात निघून समोरच्या भिंतीवर आदळलं. वरून जरासं झिरपलं, तेवढंच.

"बघ पुट्टी, बाळ. स्वल्प गळतंय. बाकीचं गेलं का न्हाई आपल्या वाटेनं?"

"गेलं."

तिनं त्यांना ते सात वेळा करायला लावलं. मग हृदय स्वतःच्या हातात घेतलं आणि दोन्हीकडून ओढलं. दात आवळून ओढलं. "फाटत नाही," ती म्हणाली.

"कसं फाटंल? तीस वर्षं शिजवतेय मी. अख्ख्या बोकडात सगळ्यांच्या मागनं शिजतंय ते हेच. लई चिवट जात."

विमलानं हृदय परातीत ठेवलं आणि ह्यांच्या मांडीवरून खाली घसरली. म्हणाली, मी चालत जाते.

पाय काटकुळे झालेले. पहिल्या साइटवर ती दोनदा लटपटली. हे मागं दोन्ही हात पसरून चालत होते, पण शिवले नाहीत. दुसऱ्या साइटच्या मध्यावर ती थांबली आणि तिनं हात छातीवर ठेवला. हे पुढं झाले तशी म्हणाली, "नको. जोरात आवळतंय ते. मला कळतंय." थोडी थांबली आणि पुन्हा चालायला लागली. मला हसू येत होतं का रडू, देव जाणे.

मामंजी पुढच्या कट्ट्यावर जप करत बसले होते. नातीला चालत येताना बघून उठून उभे राहिले. मग त्यांची नजर आमच्या मागं गेली. मी वळून बघितलं तर गोजराबाई. पोरीवर डोळा ठेवून त्या आमच्या पाठोपाठ पार पुढच्या पायरीपर्यंत, जिथं त्या एरवी कधी यायच्या नाहीत, आल्या होत्या आणि सकाळच्या मटणानं हात कोपरापर्यंत रक्ताचे. मामंजींना बघताच त्यांनी हात पदराखाली घेतले आणि त्या मागं वळल्या.

"थांबा, गोजराबाई," मामंजी म्हणाले. "विमला, आतून तांब्या भरून आण. यांच्या हातांवर पाणी घाल."

तांब्या आणायला मी लगबगीनं निघाले. मामंजींनी हात आडवा घालून मला अडवलं. विमला तशीच, बिनआंघोळीची, भिंतीला धरून एकटी आत गेली. बराच वेळ लागला तिला. आतून घागरीत तांब्या बुडवल्याचा आवाज आला, आणि मग दोन्ही हातांत भरलेला तांब्या धरून ती बाहेर आली. निम्मं पाणी तिनं गोजराबाईंच्या पायांवरच सांडलं. त्या ओंजळ पुढं करून उभ्या होत्या, आणि इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच रडताना बघत होते.